उन्हाळ्यात तडकलेली ग्रॅनाडाची गिटार: एका दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका क्लासिकल गिटार शिकवणाऱ्या बाईंचं आहे. त्यांच्या परवानगीनेच लिहितोय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि इथे त्यांना नुसतं ताई म्हणतोय. मी स्वतः थोडंफार वाजवतो आणि या सगळ्यात फोन, व्हिडिओ कॉल, मिरजेची फेरी यात सोबत होतो, त्यामुळे कुठल्या वेळी काय बोलणं झालं आणि कोण कशावर अडून बसलं ते मला नीट माहितेय. आपल्याकडे आता हाताने बनवलेली गिटार मागवणारे वाढलेत, पण ती इथल्या हवेत आल्यावर तिचं काय होतं यावर मराठीत लिहिलेलं फारसं सापडत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

ताईंनी बरीच वर्षं फॅक्टरीतल्या गिटारवर काढली. त्यावरच शिकवायचं, त्यावरच मुलांची ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षांची तयारी करून घ्यायची. मग पैसे साठवून ग्रॅनाडातल्या एका कारागिराकडे ऑर्डर दिली. ग्रॅनाडा हे स्पेनच्या दक्षिणेतलं शहर, तिथे अल्हाम्ब्राकडे चढत जाणाऱ्या कुएस्ता दे गोमेरेस या रस्त्यावर गिटार बनवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. असे कारागीर बहुतेक एकट्यानेच काम करतात, वर्षाला मोजक्याच गिटार होतात, त्यामुळे नंबर लागायला वेळ लागतो. ताई दीड वर्ष थांबल्या.

जी गिटार आली ती अगदी पारंपरिक घडणीची. टॉप, म्हणजे वरची फळी, युरोपियन स्प्रूस या लाकडाचा, बॅक आणि साइड भारतीय शिसवाच्या, मान सेड्रो लाकडाची, फिंगरबोर्ड आबनुसाचा आणि वरून फ्रेंच पॉलिश, म्हणजे चपडा लाखेचे पातळ हात. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६५० मिलिमीटर. यातलं शिसव आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागातलं झाड, आणि फ्रेंच पॉलिशला लागणारी चपडा लाख जगभर जाते ती मुख्यतः झारखंडकडून, त्यामुळे या गिटारचा बराचसा माल इथूनच तिकडे गेलेला होता ही गोष्ट मला फार आवडते.

टॉपबद्दल थोडं सांगायला हवं कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा ठरवला तो आंतोनियो दे तोरेस या आल्मेरियाच्या कारागिराने (१८१७-१८९२). टॉपच्या आतून पंख्यासारख्या पसरलेल्या सात बारीक पट्ट्या, हे त्याचं ठरलेलं ब्रेसिंग आणि आजही असंख्य कारागीर तेच किंवा त्यात थोडा फरक करून वापरतात. त्याने १८६२ साली एक गिटार बनवली जिच्या बॅक आणि साइड चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या होत्या, फक्त टॉप चांगल्या लाकडाचा, कारण त्याला दाखवायचं होतं की आवाज मुख्यतः टॉपमधून येतो. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तर हा टॉप जाडीला जेमतेम सव्वादोन मिलिमीटर, आणि त्याच्यावर सहा तारांचा मिळून चाळीसेक किलोचा ताण. एवढ्या पातळ फळीने वर्षानुवर्षं तो ताण सहन करायचा आणि वर गायचं पण, म्हणून तिला तडा गेला की ती किरकोळ गोष्ट नसते.

अडचण कशी वाढत गेली

गिटार आली ऑगस्टमध्ये. बाहेर पाऊस, घरात भिंती ओलसर, आणि ताईंनी आनंदाने केस उघडून ती स्टँडवर ठेवली. साहजिक आहे, इतकी वाट बघितलेली वस्तू कोण केसमध्ये कोंडून ठेवेल. दोन-तीन आठवड्यांत तारा उंच वाटायला लागल्या. क्लासिकल गिटारला बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) जाड ई तारेची उंची साधारण ४ मिलिमीटर असते, ती पाचच्या जवळ गेली होती, बार कॉर्ड धरताना अंगठा दुखायचा. ओळखीतल्या एका गिटार दुरुस्तीवाल्याने सॅडल, म्हणजे टॉपवरच्या ब्रिजमधली तारा टेकतात ती पट्टी, काढून खालून घासून दिलं, तारा खाली आल्या, सगळे खूष. माझ्या मते या प्रकरणातला पहिला चुकलेला निर्णय हाच. तो त्या दिवशी कुणालाच निर्णय वाटला नाही हे पण खरं, कारण अॅक्शन (तारांची उंची) जास्त तर सॅडल घासा ही इतकी रुळलेली गोष्ट आहे की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. पण टॉप फुगून वर आलाय म्हणून तारा वर गेल्यात, आणि हवा बदलली की तो खाली बसणार आहे, हे लक्षात आलं असतं तर सॅडलला हात लावला नसता.

नोव्हेंबर-डिसेंबर सुंदर गेले. आवाज खुलला, ताई म्हणायच्या की वरच्या तारा आता बोलायला लागल्यात. जानेवारीच्या शेवटाला मानेवरून हात सरकवताना फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागली. हे फार महत्त्वाचं लक्षण आहे, आणि नेमकं तेच "फिनिशिंग जरा राहिलंय वाटतं" म्हणून सोडून दिलं गेलं. फ्रेट धातूचे, ते लांबत नाहीत, फिंगरबोर्ड आकसला म्हणून टोकं बाहेर आली. फेब्रुवारीत चौथ्या-पाचव्या तारेला बझ, म्हणजे खरखर, यायला लागला, तारा बदलल्या, बझ गेला नाही. सॅडल आधीच घासलेलं आणि आता टॉप पण खाली बसलेला, मग तार फ्रेटला लागणारच.

मार्चच्या मध्यात एका संध्याकाळी क्लासच्या आधी ट्यून करताना ताईंना टॉपवर केस पडल्यासारखं दिसलं, पुसायला गेल्या तर पुसलं जाईना. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा चीर स्पष्ट दिसली. ब्रिजच्या जाड तारांकडच्या टोकापासून निघून लाकडाच्या रेषेला धरून सरळ खाली, लांबी साधारण ११ सेंटिमीटर, ब्रिजजवळ पोस्टकार्डाचा कोपरा अडकेल इतकी उघडी आणि खाली जाता जाता बारीक होत गेलेली. बोटाच्या पेराने आजूबाजूला हलकं ठोकलं तर बाकी सगळीकडे घुमारा आणि चिरेच्या डावीकडे एका जागी खर्र असा मेलेला आवाज, म्हणजे आतल्या पंख्यातली एक पट्टी टोकाला सुटलेली. दाढीचा छोटा आरसा साउंडहोलमधून आत घातला तेव्हा ते दिसलं पण.

लाकडात नक्की काय झालं

पावसात दार फुगतं आणि उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो, तोच प्रकार. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि ते फुगतं-आकसतं ते रेषेच्या आडव्या दिशेने, लांबीच्या दिशेने जवळपास नाहीच. टॉप आडवा आकसायला बघतो, पण त्याला वरून ब्रिज आडवा चिकटवलेला, आतून साउंडहोलच्या वर-खाली आडव्या दांड्या, आणि चारी बाजूंनी कडा धरून ठेवलेल्या. त्याला जागा मिळाली नाही की तो सगळ्यात कमजोर रेषेवर फाटतो, आणि ब्रिजचं टोक ही अशा ताणाची ठरलेली जागा.

चांगले कारागीर वर्कशॉपमधली आर्द्रता साधारण ४५ ते ५० टक्क्यांवर सांभाळून गिटार जोडतात. पुण्यात पावसाळ्यात ८० च्या वर सहज जाते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी २० च्या खाली येते, म्हणजे या गिटारने आठ महिन्यांत दोन्ही टोकं बघितली. त्यात आधी फुगणं झालेलं जास्त वाईट, कारण कडांमध्ये अडकलेलं लाकूड फुगताना आतल्या आत दाबलं जातं आणि मग वाळताना ते मूळच्यापेक्षाही कमी जागेत आकसायला बघतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण ज्याला त्याला विचारलं त्याने एसीला दोष दिला. ताईंच्या बेडरूममध्ये एसी आहे, गिटार रात्री तिथे असायची. पण हिशोब करून बघा, बाहेर ३८ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेली हवा २५ अंशांपर्यंत गार केली तर त्याच हवेची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास जाते, कारण गार हवेला तेवढीच वाफ जास्त "भरल्यासारखी" होते. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत एसीला काढून टाकायला पाणीच फारसं नसतं. खरं नुकसान झालं ते दुपारी, वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत, खिडक्या उघड्या आणि पंखा फुल, आणि गिटार स्टँडवर. एसी बंद केला म्हणून गिटार वाचली असती असं मला अजिबात वाटत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्याच रात्री दारात आला. सोसायटीतल्या एका घरी फर्निचरचं काम चालू होतं, तिथला पॉलिशवाला म्हणाला ताई, दोन मिनिटांचं काम आहे, भुसा आणि सुपरग्लू घालून वरून पॉलिश पेपर मारून देतो, दिसणार पण नाही. तो त्याच्या कामात तरबेज माणूस आहे आणि कपाटाला हा उपाय चालतो. गिटारला नाही. सुपरग्लू पातळ असतो, चिरेतून आजूबाजूच्या स्प्रूसमध्ये झिरपतो, कायमचा काळपट डाग पडतो, आणि एकदा तो गेला की तिथे पुन्हा दुसरा कुठलाच चांगला गोंद धरत नाही. शिवाय कोरड्या दिवसात चीर भुशाने भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर त्याला जायला जागाच उरत नाही. ताईंनी नाही म्हटलं. पूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हा, आणि तो त्यांनी काही माहिती नसताना घेतला, नुसतं "परत काढता येईल का?" एवढं विचारून.

दुसरा पर्याय काहीच न करण्याचा होता, आणि तो जास्त फसवा. जूनमध्ये पाऊस आला की चीर आपोआप मिटणार, जुलैत शोधून सापडणार नाही. एका वाजवणाऱ्या मित्राने हेच सांगितलं की माझी पण अशीच मिटली. मिटते, पण जोडली जात नाही, आणि तोपर्यंत वाजवत राहिलं तर चिरेत घाम आणि धूळ जाते, सुटलेली पट्टी अजून सुटत जाते. पावसात मिटलेली असताना चिकटवली तर अजून वाईट, कारण तेव्हा लाकूड पूर्ण फुगलेलं असतं, पुढच्या मार्चला शेजारी नवीन चीर. चीर जोडायची ती आर्द्रता ४५-५० टक्के असतानाच, आणि पुण्याची हवा त्या आकड्यावर फार थोडे दिवस थांबते.

तिसरा, गिटार परत ग्रॅनाडाला. कारागीर तयार होता, पण हवामानामुळे पडलेल्या चिरेची जबाबदारी त्याची नाही हे त्याने सुरुवातीलाच नम्रपणे सांगितलं. कुरियर, विमा, कस्टम्सची जायची-यायची कागदपत्रं, आणि विमानाच्या कार्गोत पुन्हा एकदा तीच कोरडी हवा. शिसवाच्या परवान्याची भीती पण कुणीतरी घातली होती, ती मात्र जुनी झाली. २ जानेवारी २०१७ पासून सगळ्या डाल्बर्जिया जाती (शिसव याच गटातलं) सायटीस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या तेव्हा वाद्यवाल्यांचे खरंच हाल झाले होते, पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन शिसवाचं वेगळं, ते १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याला ही सूट नाही, त्यामुळे तुमच्या गिटारची पावती आणि लाकडाचं नाव जपून ठेवा.

चौथा, मोठ्या शहरातला गिटार टेक. चांगली माणसं आहेत, पण त्यांचं बहुतेक काम स्टील स्ट्रिंग आणि इलेक्ट्रिकचं. ज्यांना विचारलं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की फ्रेंच पॉलिश आणि सरस (प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा गोंद) यात आमचा हात बसलेला नाही.

आणि पाचवा, मिरज. हा माझा आग्रह होता. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते बातमीत आलं म्हणून नाही, तर तिथल्या जुन्या कारागिरांच्या हातात तीन गोष्टी आहेत ज्या इथे हव्या होत्या. सरसाचं काम येतं, चपड्याचं पॉलिश येतं, आणि पातळ तबलीला, म्हणजे वाद्याच्या वरच्या फळीला, कान लावून ऐकायची सवय आहे. सतारीला ते तुणीचं लाकूड वापरतात, आणि गिटारच्या मानेचं सेड्रो हे तुणीच्याच कुळातलं, वास सुद्धा जवळचा. पण त्यांनी कधी क्लासिकल गिटारचा टॉप उघडलेला नाही ही जोखीम होतीच, ती लपवण्यात अर्थ नाही.

ताईंचा मार्ग निघाला तो दोन पर्याय एकत्र करून. काम मिरजेत, देखरेख ग्रॅनाडाची, व्हिडिओ कॉलवर. मला भीती होती की ग्रॅनाडाचा माणूस दुखावेल, पण उलट त्याने पहिला प्रश्न विचारला की त्यांच्याकडे सरस आहे का, आणि हो म्हटल्यावर तो एकदम मोकळा झाला.

काय केलं

चिकटवायच्या आधी लाकूड पूर्ववत व्हायला हवं, हे ग्रॅनाडाच्या कारागिराचं म्हणणं. तारा पूर्ण न काढता सैल करायच्या, गिटार केसमध्ये, आणि भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, एक साउंडहोलच्या आत लोंबता आणि एक मानेच्या टोकाशी. ताईंना घाई होती, त्या म्हणाल्या बाथरूममध्ये गरम पाणी सोडून ठेवू का, तर त्याने ठाम नाही म्हटलं, कारण एकदम ओल मिळाली की फ्रेंच पॉलिश पांढरं पडतं आणि बाहेरची बाजू आधी फुगून अजून वाकडं होतं. सावकाश करा.

केसमध्ये ठेवायला एक स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, घेतला. त्याच्यावर तसाच विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून मिठाची चाचणी केली: बाटलीच्या झाकणात मीठ, ते फक्त ओलं होईल इतकं पाणी, आणि ते झाकण व मीटर हवाबंद डब्यात रात्रभर. आत बरोबर ७५ टक्के यायला हवेत. ताईंचा मीटर ८१ दाखवत होता, म्हणजे सहा जास्त. हे केलं नसतं तर केसमध्ये खरे ४० असताना आम्ही ४६ समजून खूष झालो असतो.

आठवड्याभरात चीर अर्धी मिटली, अजून काही दिवसांनी नखाला पण लागेना. मग भल्या पहाटे गाडीने मिरज, ऊन चढायच्या आत.

मिरजेचे कारागीर, त्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसतं अंगठ्याने टॉपवर ठिकठिकाणी हलकं दाबत आणि बोटाने ठोकत गेले. मग म्हणाले, "ताई, ही तबली लई पातळ हाय, आमच्या सतारीच्या निम्मी बी न्हाई. हिला जोर लावून चालायचं न्हाई." तिथेच मला धीर आला. पण त्यांच्या खोलीत हायग्रोमीटर २८ दाखवत होता, तिथे केस उघडून तासभर काम केलं असतं तर मिटलेली चीर परत उघडली असती. हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच आधी विचारात घेतला नव्हता. चाचांच्या सुनेने आतल्या खोलीतला कूलर आणून दाराशी लावला, टाकीत पाणी भरलं, खिडक्या ओढून घेतल्या, आणि तासाभरात आकडा ४७ वर. महागडी यंत्रं लागत नाहीत, कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर हेच ते यंत्र आहे.

आता वाद झाला तो आतून आधार कसा द्यायचा यावर. चाचांचं मत, चिरेच्या पूर्ण लांबीला आतून एक पट्टी चिकटवावी, सतारीला ते तसंच करतात आणि ती वर्षानुवर्षं टिकते. ग्रॅनाडाचं मत, पट्टी नको, फक्त पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचे बारीक ठिगळ, रेषा चिरेला आडवी, कडा घासून शून्यावर आणलेल्या, आणि ते पण मोजकेच, कारण टॉप हलला पाहिजे. चाचा म्हणाले पाच, तिकडून उत्तर आलं तीन. भाषांतर करता करता माझी तारांबळ उडत होती. शेवटी चाचांनी फोन बाजूला ठेवायला सांगितलं, टॉपवर पुन्हा एकदा चार-पाच जागी ठोकलं, ऐकलं, आणि म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय, हिला भार नको. तीनच टाकू." दोन्हीकडच्या माणसांना शेवटी निर्णय कानावर सोडावासा वाटला हे मला या सगळ्यात सगळ्यात आश्वासक वाटलं.

ठिगळांना स्प्रूस हवं, आणि ते मिरजेत कुठून आणायचं? चाचांकडे मोडक्या व्हायोलिनींचा एक खोका होता, त्यातल्या एका जुन्या जर्मन व्हायोलिनचा टॉप फुटलेला, तो स्प्रूसचाच. वाळून वाळून स्थिर झालेलं लाकूड, याहून चांगलं मिळालं नसतं. पटाशीने तुकडे काढून पातळ केले. सरस रात्रीच भिजत घातला होता, तो गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात तापवला, उकळू न देता, ६० अंशांच्या आसपास. पातळ सरस चिरेवर टाकून बोटाने आत जिरवत आणि आतून-बाहेरून टॉप अगदी हलका वर-खाली करत, म्हणजे तो पूर्ण जाडीभर उतरतो, लगेच कोमट ओल्या फडक्याने वरचा पुसून घ्यायचा. चाचांचा पंजा साउंडहोलमधून जाईना, त्यामुळे आतलं काम त्यांच्या नातवाने केलं, चाचा बाहेरून आरशात बघून सांगत होते थोडं डावीकडे, आता सोड. ठिगळ जागेवर धरायला छोटे ताकदीचे चुंबक, एक आत एक बाहेर, मध्ये कातड्याचा तुकडा म्हणजे पॉलिशवर वळ उठत नाही. सुटलेल्या पट्टीखाली सरस भरून तिला आतून लाकडाचा छोटा टेकू दिला, खाली बॅकवर पसरट फळी ठेवून, नाहीतर सगळा जोर दोन मिलिमीटरच्या शिसवावर एका ठिकाणी आला असता.

तारांशिवाय दोन रात्री तशीच ठेवली. मग चिरेच्या रेषेवर चपड्याचे अगदी पातळ हात, कापसाच्या पुरचुंडीने. तीच रेषा पूर्ण लपवायला रंग भरायचा का, असं चाचांनी विचारलं, ताई नको म्हणाल्या.

निकाल

चीर जोडली गेली. तिरक्या उजेडात रेषा दिसते, समोरून दिसत नाही. आवाजाबद्दल ताई म्हणतात पूर्वीसारखाच आहे, मला जाड तारांचा आवाज किंचित आवरल्यासारखा वाटतो, पण त्याच दिवशी तारा पण नवीन टाकल्या होत्या त्यामुळे माझ्या कानावर मी पैज लावणार नाही.

बझ मात्र सॅडलमुळे राहिला, तो घासलेला भाग काही परत येत नाही. चाचांनी दोन नवीन सॅडल करून दिले, सतारीच्या जवारीच्या घोडीला वापरतात त्याच उंटाच्या हाडाचे, एक उंच आणि एक जवळजवळ एक मिलिमीटरने कमी. जुलैत टॉप वर आला की कमी उंचीचं घालायचं, नोव्हेंबरात उंच. सॅडल खाचेत नुसतं बसवलेलं असतं, चिकटवलेलं नसतं, त्यामुळे तारा बदलतानाच पाच मिनिटांत होतं. त्यानंतरचा एक पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा गिटारने काढलाय, वाजवत नसेल तेव्हा केसमध्ये आणि केसमध्ये ४९ टक्क्यांचं दोन्ही बाजूंनी काम करणारं ओलाव्याचं पाकीट. उन्हाळ्यात ती पाकिटं भराभर कडक होतात, त्यामुळे स्पंज अजून चालूच आहे. चीर उघडलेली नाही. फ्रेटची टोकं कानशीने हलकी घासून घेतली. खर्च ग्रॅनाडाला पाठवण्याच्या मानाने अगदीच कमी झाला.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, ऑर्डरच्या वेळचं बोलणं. लाकूड कुठलं, ट्यूनर कुठले, लेबलवर काय, सगळ्याची ईमेल झाली होती, पण गिटार कुठल्या हवेत राहणार हे ना त्याने विचारलं ना यांनी सांगितलं. सांगितलं असतं तर तो थोड्या कमी आर्द्रतेत टॉप जोडू शकला असता, म्हणजे कोरड्या दिवसातला ताण कमी, आणि दोन सॅडल तिथूनच दिले असते. त्याने नंतर स्वतःच हे म्हटलं. स्प्रूसऐवजी सीडर घेतला असता तर चीर पडली नसती असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही, सीडर पण आकसतो आणि तो मऊ आणि ठिसूळ असल्याने फुटायला उलट सोपा.

दुसरं, कुठल्या महिन्यात मागवायची. ऑगस्टऐवजी नोव्हेंबरमध्ये आली असती तर मध्यम हवेत रुळायला तिला वेळ मिळाला असता आणि सॅडल घासायची वेळच आली नसती. आल्यावर केस लगेच न उघडता दिवसभर घरातच बंद राहू द्यायची, हे पण कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरं, फ्रेटची टोकं टोचली त्या आठवड्यात केस आणि स्पंज सुरू झाला असता तर मार्चची चीर बहुतेक टळली असती. जानेवारी ते मार्च असा चांगला दीड महिना हातात होता.

मिरजेच्या निर्णयावर ताईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात नशीब चांगलं होतं. मी म्हणतो चीर साधी होती, रेषेतली, पट्टी एकच सुटलेली, आणि असं काम चांगल्या सतारवाल्याच्या आवाक्यात आहे, फक्त बनवणाऱ्याचा सल्ला सोबत हवा. पण ब्रिज उचलला गेला असता, किंवा चीर फिंगरबोर्डच्या कडेने वर गेली असती, किंवा टॉप खचला असता, तर मी पण ग्रॅनाडालाच पाठवा म्हटलं असतं, कितीही खर्च आला तरी.

एक गोष्ट आम्ही उशिरा केली ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. कुठे चीर होती, कुठला गोंद वापरला, ठिगळांचं लाकूड कुठलं, पॉलिश कशाचं, तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता, हे सगळं एका कागदावर लिहून फोटोंसकट केसच्या खिशात ठेवलंय, मराठीत आणि स्पॅनिशमध्ये, कारण वीस वर्षांनी ही गिटार उघडणाऱ्याला सरस आहे हे कळलं तर तो ऊब आणि ओल देऊन जोड सोडवेल, नाहीतर पटाशी लावेल. ताईंच्या एका विद्यार्थ्याने आता त्याच कारागिराकडे ऑर्डर दिलीय, आणि त्याच्या पहिल्या ईमेलमध्ये पुण्याचे बारा महिन्यांचे आर्द्रतेचे आकडे, दोन सॅडल आणि नोव्हेंबरची डिलिव्हरी, हे तिन्ही आहे.